म चढा

गाण्याच्या बाईंचा कान भारी तिखट. मिशनच्या त्या प्राथमिक शाळेत एकतीस वर्षांत पाळकसाहेबांच्या प्रवचनात चुका निघाल्या, मोठ्या बाईंच्या वेळापत्रकात तर दर सोमवारी निघायच्या, पण बाईंच्या कानाने चूक केली असं म्हणायला कुणी धजलं नव्हतं. सकाळच्या प्रार्थनेला दोनशे मुलं एकदम गात असायची. बाई पायपेटीवरची मान वर न करता म्हणायच्या, "तिसरी रांग, खिडकीकडून दुसरी. घसा साफ कर." आणि खिडकीकडून दुसरी उभी असलेली मुलगी निमूट घसा साफ करायची, कारण तो खरंच बसलेला असायचा.

शाळा चौथीपर्यंतच. सात वर्गखोल्या, एक कचेरी आणि मधोमध लांबलचक सभागृह. भिंतींना कमरेपर्यंत तपकिरी तेलरंग, त्यावर चुना. समोर लाकडी क्रूस, त्याच्या बाजूला त्या दिवशीच्या गीताचा क्रमांक लिहायचा फळा आणि फळ्याखाली ती पायपेटी. खालच्या दोन पायट्या आलटून पालटून दाबत राहायचं, म्हणजे आतला भाता फुगतो आणि दोन्ही हात वाजवायला मोकळे राहतात. उजव्या पायटीवरचं कापड बाईंच्या पायाने झिजून झिजून खालचं लाकूड उघडं पडलं होतं.

बाई स्वतः याच शाळेच्या. आई गेल्यावर वडिलांनी सहा वर्षांची पोर वसतिगृहात आणून सोडली आणि पुन्हा फारसं तोंड दाखवलं नाही. पहिले दोन महिने पोर कुणाशी एक शब्द बोलली नाही. तेव्हाच्या गाण्याच्या शिक्षिका वयस्कर आणि स्वभावाने करड्या होत्या, पण त्यांनी एक शहाणपणा केला: पोरीला पेटीशेजारच्या स्टुलावर बसवलं आणि नुसतं ऐकायला सांगितलं. पोर ऐकत राहिली. आईची आठवण आली की पेटी, कुणी रागावलं की पेटी. पुढे शिकून, परीक्षा देऊन ती त्याच शाळेत त्याच पेटीवर नोकरीला लागली. तेव्हा सूर म्हणजे काय हे बाईंना माणसांनी कमी आणि त्या पेटीने जास्त शिकवलं, आणि बाईंनी पेटीवर आईवर ठेवावा तसा विश्वास टाकला.

शाळेतली झाडून सगळी गाणी एकाच सुरात बसवलेली होती. पांढरी एक हा सा. लहान गळ्यांना तोच मानवतो, असं बाईंचं म्हणणं. सा पहिल्या पांढऱ्या पट्टीवर धरला की म येतो चौथ्या पांढऱ्या पट्टीवर. या चौथ्या पट्टीची एक गंमत होती. खालच्या सप्तकातला म आणि हा म एकत्र दाबले, की आवाज थरथरायचा. बाईंना ती थरथर लहानपणापासून जिवापाड आवडायची. त्यांना वाटायचं, तिथे पेटीचाही गळा दाटून येतो.

दर वर्षी शाळा उघडली की तिसरीच्या मुलांची गायनवर्गासाठी परीक्षा व्हायची. एकेक मूल पेटीजवळ येऊन उभं राहायचं. बाई सा द्यायच्या आणि हात उचलायच्या. मुलाने आपलं आपण प पर्यंत चढायचं आणि उतरून परत यायचं. ते म वर आलं, की बाई पेटीवरचा म हळूच दाबून ताडून बघायच्या, कारण त्यांच्या मते सगळा घोळ होतो तो म वरच. मग लांब वहीत नावापुढे शेरा पडायचा: रे ढिला. ग कच्चा. म चढा. म्हणजे हे मूल म पाहिजे त्याच्या वर लावतं.

आता नापास झालेल्या मुलांना दुसऱ्या कुठल्या शाळेत सरळ घरी पाठवलं असतं. इथे तशी सोय नव्हती. देवाच्या गीतातून कुठल्याही लेकराला वगळायचं नाही, असा फार जुन्या काळच्या कुणा पाळकांनी नियम करून ठेवलेला, आणि तो चौकटीत घालून कचेरीत टांगलेलाही होता. बाई नियम मोडणाऱ्यांपैकी नव्हत्या, पण बेसूरही त्यांना खपत नसे. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला. नापास मुलांची शेवटची रांग. तिने उभं राहायचं, पुस्तक धरायचं, ओठ हलवायचे, आवाज मात्र काढायचा नाही.

"देवाला आतलं ऐकू येतं," बाई त्या मुलांना समजवायच्या. "तुम्ही मनात म्हणा."

पोरं काय, पोरंच. त्यांनी त्या रांगेचं नाव ठेवलं मासे. नुसती तोंडं उघडतात आणि मिटतात म्हणून. 'तुझा भाऊ काय झाला रे?' 'मासा झाला.' असं मधल्या सुट्टीत सर्रास चालायचं. बाईंच्या कानावर ते येत असे, कारण त्यांच्या कानावर काय येत नसे? पण त्यांनी मनावर घेतलं नाही. दोन वर्षांचा तर प्रश्न असतो, असं त्या म्हणत.

घरी मात्र एक माणूस असा होता, की जो या कानाला भीत नसे. बाईंचे यजमान. दिवसभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकुनी करायचे आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे. लग्न झालं त्या वर्षीच दोघांचं वाजलं. बाई पहिल्यांदा चर्चमध्ये उपासनेला त्यांच्या मागे बसल्या आणि घरी येताच म्हणाल्या, "अहो, तुमच्या पेटीचा म वर गेलाय."

"तुझ्या शाळेतला खाली आलाय," ते बूट काढता काढता म्हणाले.

बाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या त्या दुधावरून. त्यानंतर सव्वीस वर्षं हे भांडण त्या घरात एखाद्या जुन्या पाहुण्यासारखं राहिलं. ते कधी हसून म्हणत, "अगं, देवालाही कान आहेत, पण तुझ्याइतके तिखट नाहीत, तो चालवून घेतो." बाई नाकावर माशी बसू देत नसत. चर्चमध्ये त्या कायम शेवटच्या बाकावर बसायच्या, म्हणजे तो म जरा तरी लांबून यावा. पुढे पुढे यजमानांनी वाद घालायचं सोडून दिलं. बाईंना वाटलं, पटलं असेल.

लेक त्यांना एकच. चार वर्षांची असल्यापासून रविवारी बापाच्या शेजारी बाकावर बसून, पाय हलवत, त्याच्याबरोबर गायची. आवाज तिचा स्वच्छ होता, हे बाईसुद्धा मान्य करत. ती तिसरीत गेली आणि इतर मुलांसारखीच परीक्षेला पेटीजवळ येऊन उभी राहिली. सा छान. रे छान. ग छान. मग म. बाईंनी पट्टी दाबली. दोन सूर एकमेकांना भिडले आणि खडखडले.

बाईंनी तिला तीनदा म्हणायला लावलं. दुसऱ्या कुणाला तीनदा लावलं नसतं, हा त्यांच्या मते आईपणाचा सगळा लाड होता. तिन्ही वेळा तेच. मग त्यांनी वहीत लिहिलं, म चढा, कान कच्चा, आणि स्वतःच्या मुलीला शेवटच्या रांगेत पाठवलं. शिक्षकांच्या खोलीत त्या दिवशी त्यांचं फार कौतुक झालं. बाई म्हणजे बाई, पोटच्या पोरीलाही सूट नाही. बाईंनाही आपला अभिमान वाटला, खोटं कशाला बोला.

त्या रात्री जेवताना यजमान एवढंच म्हणाले, "पोरीचा सूर बरोबर आहे गं."

"तुमच्या पेटीवर असेल," बाई म्हणाल्या.

लेक पुन्हा गायली नाही. रविवारी बापाच्या शेजारी बसायची ती आईच्या शेजारी शेवटच्या बाकावर येऊन बसू लागली. मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली, लग्न झालं. घरात काम करताना माणूस काहीबाही गुणगुणतो, तेवढंही कधी तिच्या तोंडून ऐकू आलं नाही. कुणी आग्रह केला तर हसून म्हणायची, "मला अंगच नाही हो गाण्याचं. आईला विचारा." चार वर्षांपूर्वी यजमान गेले. दफनाच्या वेळी सगळं चर्च गात होतं आणि लेक आईला धरून उभी होती, तेव्हाही तिचे नुसते ओठ हलत होते. बाईंच्या ते लक्षात आलं होतं. आणि त्यांना, देव क्षमा करो, बरं वाटलं होतं, की निदान आज तरी बेसूर नको.

तर अशा या बाई निवृत्त व्हायला आल्या. निरोपाचा समारंभ ठरला, पाहुणे ठरले, गायनवर्गाची तीन गीतं ठरली. पेटीचा भाता मात्र दम लागल्यासारखा करू लागला होता. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेने, दुरुस्तीवाला बोलावला. याआधीही दोन-तीनदा पेटी दुरुस्त झाली होती, पण त्या वेळी बाई राखणीला बसल्यासारख्या शेजारी बसून राहायच्या. "भात्याला काय करायचं ते करा. सुरांना बोट लावायचं नाही." या वेळी नेमकी त्याच दिवशी चौथीच्या मुलांची डोळेतपासणी निघाली आणि बाईंना रांग सांभाळायला जावं लागलं. मिस्त्रींना मोकळं रान मिळालं.

दुपारी बाई परत आल्या तेव्हा पेटी बंद करून ठेवलेली होती आणि मिस्त्री हातरुमालाला हात पुसत होते. म्हातारा माणूस, चष्म्याला दोरी. बाई उभ्या उभ्याच एका पायाने भाता मारू लागल्या आणि सा पासून वर गेल्या. म वर आल्या आणि पट्टी विंचू चावल्यासारखी सोडली.

"हे काय केलंत? माझा म नासवलात तुम्ही!"

"नासवला नाही बाई. जागेवर आणला."

"मला शिकवता? एकतीस वर्षं मी या पेटीवर..."

"म्हणूनच म्हणतो," मिस्त्री शांतपणे म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कुठे चढेलपणा नव्हता, हेच वाईट होतं. त्यांनी पेटीचं झाकण उघडलं आणि आकड्याने एक पितळी पत्ती ओढून काढली. "ही बघा. पत्ती टोकाला घासली तर सूर चढतो, मुळाशी घासली तर उतरतो. ही मुळाशी घासलीय. ओरखडे बघा, काळे पडलेत. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं काम असणार, कुणा शिकाऊ माणसाचं. मी टोकाला घासून वर आणली."

"कशावरून ती उतरलेली होती?"

मिस्त्रींनी पत्ती परत बसवली, खिशातून मोबाइल काढला आणि पेटीवर ठेवला. पडद्यावर सूर मोजणारा एक काटा होता. त्यांनी एकेक पट्टी दाबली. काटा मधोमध. रे ला मधोमध. ग ला मधोमध. "यांना मी हात लावलेला नाही. आणि खालच्या सप्तकातल्या म लाही नाही. तो ऐका, आणि आता दोन्ही म एकदम ऐका."

त्यांनी दोन पट्ट्या एकत्र धरल्या. एकच आवाज आला, सपाट आणि निवांत.

"थरथर गेली," बाई म्हणाल्या.

"जाणारच. दोघांचं पटत नव्हतं म्हणून थरथर होती." मिस्त्री सामान आवरू लागले. "सकाळी मी हा म ऐकला ना बाई, तेव्हा मनात आलं, या पेटीवर शिकलेल्या पोरांचं काय झालं असेल? पण चालतं हो. शाळाच आहे."

बाईंनी मान हलवली. मिस्त्रींना वाटलं, समजल्या. समजल्या तर होत्याच, पण विश्वास बसायला त्यांना अजून एक ठिकाण बघायचं होतं. त्या शाळेतून निघाल्या त्या घरी न जाता तडक चर्चमध्ये गेल्या. दुपारची वेळ, आत कुणी नव्हतं. झाडूवालीने बाकं पुसून कोपऱ्यात बादली ठेवलेली. यजमानांच्या पेटीवर हिरवं कापड होतं. त्या बाकावर बाई सव्वीस वर्षांत कधी बसल्या नव्हत्या. आता बसल्या. कापड बाजूला केलं, भाता उघडला आणि चौथी पांढरी पट्टी दाबली.

शाळेत मिस्त्रींनी बसवलेला तोच म. तिळमात्र फरक नाही.

बाई बराच वेळ ती पट्टी दाबून बसल्या. भाता संपला तरी बोट उचललं नाही. सव्वीस वर्षं तो माणूस खरं बोलत होता आणि त्या दुधावरून बोलत होत्या. त्याला एकदा तरी 'तुमचंच बरोबर होतं' म्हणायला हवं होतं, आणि आता ऐकायला तो नव्हता. बाई रडणाऱ्यातल्या नव्हत्या, पण त्या दिवशी त्या रडल्या, आणि झाडूवाली बादली न्यायला आली तेव्हा तिला म्हणाल्या की धूळ फार आहे.

घरी येऊन त्यांनी कपाटातून वह्या काढल्या. एकतीस. जमिनीवर मांडल्या आणि पहिल्या पानापासून बघत गेल्या. रे ढिला, ग कच्चा, ती मुलं सोडून दिली. तिथे चूक नव्हती. त्यांना शोधायची होती ती म चढा. ज्यांना सा, रे, ग चोख येत होते आणि म वरच अडले, ती मुलं अडलीच नव्हती. त्यांचा कान पेटीपेक्षा खरा होता. ज्यांना स्वतःचा कान नव्हता ती पेटीच्या मागे गेली आणि पुढच्या रांगेत उभी राहिली, आणि ज्यांना तो देवाने दिला होता त्यांना बाईंनी गप्प केलं. शेवटच्या रांगेत शाळेतली सगळ्यात वाईट आणि सगळ्यात चांगली पोरं एकमेकांना खेटून उभी होती, आणि दोघांनाही तोच हुकूम होता. अठ्ठ्याऐंशी नावं निघाली. अकराव्या वहीत लेकीचं नाव होतं, बाईंच्याच टपोऱ्या अक्षरात. कान कच्चा, या दोन शब्दांखाली त्यांनी तेव्हा रेघही मारली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेला दुरुस्त झालेल्या पेटीवर पहिलं गीत सुरू झालं आणि बाईंच्या अंगावर काटा आला. गायनवर्गातल्या निवडक पंचवीस मुलांचा म एकजात खाली. बाईंनीच घोटून घेतलेला. पेटी एकीकडे, मुलं एकीकडे. गीत कसंबसं संपलं. मग बाई उठल्या आणि शेवटच्या रांगेला म्हणाल्या, "आता तुम्ही म्हणा. आवाज काढून."

कुणी हललं नाही. एक चिमुरडी, दोन वेण्यांची, इकडे तिकडे बघून म्हणाली, "बाई, आम्ही मासे आहोत."

सभागृहभर हसू फुटलं. बाईंनी सगळ्यांना बसवलं आणि त्या रांगेला परत सांगितलं. नऊ मुलं होती. सहा जणांनी आरडाओरडा केला, तो ऐकवत नव्हता. तिघांचा म मात्र दुरुस्त पेटीच्या म वर अलगद जाऊन बसला. वेणीवालीचाही. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तर ती दचकली. तिला वाटलं, काहीतरी चुकलं.

मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी कचेरीत बोलावलं. चौकटीतल्या नियमाखालीच त्यांची खुर्ची होती.

"बाई, त्या माणसाने पेटी बिघडवली वाटतं. पाहुणे आठवड्यावर आलेत. त्याला बोलावून पूर्वीसारखी करून घ्या ना."

"पूर्वी ती बिघडलेली होती."

"असेल हो. पण मुलांना तीच सवय आहे."

"मी समारंभात उभी राहून सांगणार आहे," बाई म्हणाल्या. "कुणाकुणाला मी चूक ठरवलं, ते. जुने विद्यार्थी येतीलच."

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि उद्या पालक येऊन माझ्या टेबलावर बसतील त्याचं काय? एका सुराचं एवढं काय घेऊन बसलात? तुमची सेवा बघा किती मोठी. देवाजवळ कबुली द्या आणि विसरून जा." त्या वाईट नव्हत्या, फक्त घाईत होत्या. "ठरलं तर मग. नवा इलेक्ट्रिक कीबोर्ड तसाही येतोच आहे. समारंभ त्यावरच करू."

म्हणजे एकतीस वर्षांचा निवाडा पाच मिनिटांत लागला. बाईंना त्याचं फारसं काही वाटलं नाही. त्यांना अठ्ठ्याऐंशी जणांची माफी मागायची होती हे खरं, पण त्यातली सत्त्याऐंशी नावं त्यांनी स्वतःला आडोसा म्हणून पुढे केली होती. खरी भीती एकाच नावाची होती. लेकीला सांगायचं की नाही? सांगितलं तर तिच्या जखमेवरची खपली निघणार, आणि नाही सांगितलं तर ती मरेपर्यंत स्वतःला कच्च्या कानाची समजणार. दिवसभर त्यांनी वर्गात पोरांना पाटीवर काहीतरी लिहायला दिलं आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. शाळा सुटली तेव्हा त्यांचं ठरलं होतं.

लेक दोन गल्ल्या सोडून तिसऱ्या मजल्यावर राहायची. जावई पाळीवर गेलेले. ती दुकानातून नुकतीच येऊन इस्त्री करत होती. टेबलावर जाड चादर, त्यावर जावयांचा सदरा, खुर्चीवर कपड्यांचा ढीग.

"आई? अगं, फोन तरी करायचास. बस ना."

बाई बसल्या नाहीत. जिना चढताना जुळवलेली वाक्यं बसल्यावर विसरतील असं त्यांना वाटलं. पर्स छातीशी धरून त्यांनी उभ्यानेच सांगितलं. मिस्त्री, पत्ती, चर्चमधली पेटी, वह्या. शेवटी म्हणाल्या, "तुझा सूर बरोबर होता. पेटी चुकत होती, आणि मी. मी तुझं गाणं काढून घेतलं. मला माफ कर."

लेकीने ऐकता ऐकता बाहीवरची घडी पूर्ण केली, सदरा बाजूला ठेवला आणि इस्त्रीचं बटण बंद केलं. तिच्या चेहऱ्यावर राग यावा म्हणून बाई वाट बघत होत्या. राग आला असता तर बरं झालं असतं.

"बाबांना माहीत होतं," लेक म्हणाली. तिने विचारलं नाही, सांगितलं.

"हो. ते मला म्हणायचे. मी ऐकलं नाही."

"मलाही म्हणाले होते."

"कधी?"

"मी मासा झाले त्याच आठवड्यात. मला चर्चमध्ये घेऊन गेले. कुणी नव्हतं तिथे. पेटीवर म धरला आणि म्हणाले, लाव बघू. मी लावला. म्हणाले, बघ, जराही फरक नाही. तू अगदी बरोबर आहेस, बेटा, शाळेतली पेटी चुकते. कुणी काही म्हणू दे, तू गायचं सोडू नकोस."

बाई पर्सचा पट्टा मुठीत आवळून उभ्या होत्या.

"मग मी काय म्हणाले माहितीये?" लेक टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती. "मी म्हणाले, तुम्ही खोटं बोलताय. मला बरं वाटावं म्हणून. आई कधी खोटं बोलत नाही. आठ वर्षांची होते गं मी. त्यांनी पेटी बंद केली. म्हणाले, बरं, आईचं ऐक. परत कधी मला शेजारी बसायला बोलावलं नाही. मला वाटायचं, खोटं पकडलं म्हणून लाजले."

"मला हे कधी..."

"थांब. शेवटी दवाखान्यात होते ना, तू घरी डबा आणायला गेली होतीस. त्यांना बोलताना धाप लागायची. म्हणाले, एकदा काहीतरी म्हणून दाखव. हळू आवाजात म्हण, कुणी ऐकणार नाही. मी म्हणाले, बाबा, मला येत नाही, तुम्हाला माहितीये. त्यांनी माझा हात धरला होता, तो सोडला नाही. पण मान फिरवली तिकडे. मला वाटलं, झोप आली."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती होत नव्हती. लेकीने खिडकी ओढून घेतली.

"तुझ्यावर नाही रागवलेय मी," ती म्हणाली. "तू माफी मागितलीस, मी केलं माफ. तुला निदान मागायला मी आहे, आई. मी कुणाची मागू?"

लेकीने ढिगातला पुढचा सदरा काढून टेबलावर पसरला, इस्त्रीचं बटण लावलं आणि ती तापेपर्यंत दोघी तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या.